पायात पल्ला, हातात पेन्सिल



अकोल्याहून अमरावतीला अपडाऊन करणाऱ्या माणसाला सकाळच्या गाडीची ओळख करून द्यावी लागत नाही. पासवाल्यांच्या ठरलेल्या जागा, पत्त्यांचा डाव, मूर्तिजापूरचा चहा आणि बडनेऱ्याला उतरताना होणारी झुंबड. मी या गाडीचा जुना प्रवासी. नोकरी कारकुनाची, शिक्षण बी. कॉम., आणि उरलेला वेळ समाजाच्या कामाचा.

गेल्या वर्षीपासून आमच्या डब्यात एक पोरगी दिसू लागली. अंगाने काटक, पायात धावण्याचे बूट, पाठीवर दप्तर. जागा मिळाली की दप्तरातून वही काढायची आणि समोरच्या माणसांची चित्रे काढायची. कधी पत्ते खेळणाऱ्याचे हात, कधी खिडकीला डोके टेकून झोपलेली म्हातारी. एकदा तिने माझेही चित्र काढले. चष्मा नाकावर घसरलेला आणि तोंड उघडे! मी चौकशी केली तेव्हा कळले की पोरगी आमच्याच वस्तीतली. वडील फरशी बसवण्याचे काम करणारे मिस्त्री, आई दाल मिलमध्ये. पोरगी अमरावतीच्या एका महाविद्यालयात बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला. पाच हजार आणि दहा हजार मीटर धावते. विद्यापीठाच्या संघात तिची निवड होण्यासारखी आहे. तिचे नाव येथे देत नाही. पोरगी आपली आहे, एवढे पुरे.

तेव्हापासून घरच्या रद्दीतले पाठकोरे कागद मी तिच्यासाठी राखून ठेवू लागलो. ती मला ‘काकाजी’ म्हणू लागली.

एके दिवशी तिचे वडील मला अशोक वाटिकेजवळ भेटले. सायकल थांबवून म्हणाले, ‘भाऊ, तुमी तिले गाडीत रोज भेटता. जरा समजून सांगा. पोट्टी दिवसभर पयते अन् रातच्याले अकरा-अकरा वाजेलोक चित्रं काढत बसते. मास्तर म्हनते, पोरगी थकून रायली. थकन नाही तं काय होईन? रंगाचा खर्च वेगळा, लाइटीचं बिल वेगळं. म्हना तिले, पयाचं असन तं पय, चित्रं काढाचे असन तं घरी बस.’

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. नुकत्याच झालेल्या एका शर्यतीत पोरगी शेवटच्या दोन फेऱ्यांपर्यंत तिसरी होती आणि नंतर एकदम ढेपाळली. सातवी आली. बापाने मजुरी बुडवून ती शर्यत पाहिली होती. पोरीचे पाय जड झालेले त्याने डोळ्यांनी पाहिले. मग घरात चोर कोण, याचा शोध सुरू झाला, आणि रात्री दिव्याखाली बसलेली चित्राची वही तेवढी त्याच्या नजरेला पडली.

मीही त्याच मताचा झालो. आमचे कारकुनी डोके असे की, दोन खाती तोट्यात दिसली की एक बंद करावे. दुसऱ्या दिवशी गाडीत मी पोरीला म्हणालो, ‘बेटा, विद्यापीठाची स्पर्धा होईपर्यंत ही वही बंद ठेव. चित्रे कुठे पळून जात नाहीत.’ ती काही बोलली नाही. तिने वही मिटली, पेन्सिलीला टोपण लावले आणि दोन्ही दप्तराच्या तळाशी घातले.

तीन आठवडे ती वही निघाली नाही. पोरगी गाडीत खिडकीबाहेर पाहत बसायची, नाहीतर डोळे मिटून घ्यायची. मी रोज विचारायचो, ‘काय म्हणते वेळ?’ ती म्हणायची, ‘तेवढीच हाय काकाजी.’ चौथ्या आठवड्यात म्हणाली, ‘वाढली.’ म्हणजे वही बंद झाली, पण घड्याळ काही सुधारले नाही. उलट पूर्वी ती हसायची, तेही बंद झाले.

तेव्हा मला माझी चूक दिसली. हिशेब न पाहता मी खाते बंद केले होते. असे कार्यालयात केले असते तर साहेबांनी फाईल तोंडावर मारली असती.

मग आम्ही मूर्तिजापूर ते बडनेरा या टप्प्यात कागद घेऊन बसलो आणि तिच्या चोवीस तासांचा जमाखर्च मांडला. तो जसाच्या तसा देतो, कारण या लेखाचा खरा मजकूर तोच आहे.

झोप, पावणेपाच तास. सकाळ-संध्याकाळ मिळून धावण्याचा सराव, सव्वातीन तास. महाविद्यालय, पावणेपाच तास. जाण्यायेण्याचा प्रवास, वाट पाहणे धरून, साडेपाच तास. घरकाम, म्हणजे पहाटेचे पाणी, सगळ्यांचे डबे, संध्याकाळचा स्वयंपाक आणि भांडी, साडेतीन तास. आंघोळ आणि जेवण, दीड तास. चित्रकला, पाऊण तास.

बेरीज बरोबर चोवीस. पाऊण तासाच्या चित्रकलेवर सगळ्या घराने चोरीचा आळ घेतला होता, आणि साडेपाच तासांचा प्रवास व साडेतीन तासांचे घरकाम ही दोन मोठी खाती कोणी उघडूनही पाहिली नव्हती. गाडीत ती चित्रे काढायची तो वेळ तर प्रवासातच जमा होता. त्याचा वेगळा खर्च शून्य. आणि एकोणीस-वीस वर्षांची, रोज दोनदा धावणारी पोरगी झोपत होती पावणेपाच तास!

मी तिच्या प्रशिक्षकांना भेटलो. त्यांनी जे सांगितले ते प्रत्येक आई-बापाने ऐकण्यासारखे आहे. पाच हजार मीटर म्हणजे चारशे मीटरच्या मैदानाला साडेबारा फेऱ्या. दहा हजार म्हणजे पंचवीस. ही शर्यत जोर लावून एकदम जिंकता येत नाही, ती महिनोन्महिने अंगात मुरवावी लागते. आठवड्यात दोन, फार तर तीन दिवस कठीण सराव, बाकीचे दिवस बोलता बोलता धावता येईल एवढा सावकाश. धावताना स्नायू झिजतात. ते पुन्हा बांधले जातात विश्रांतीत आणि झोपेत. मोठे धावपटू आठ-नऊ तास झोपतात आणि दुपारीही पडतात. म्हणजे सराव मैदानावर होतो, पण ताकद अंथरुणात तयार होते. मी विचारले, ‘आणि चित्रकला?’ ते म्हणाले, ‘बसून करायचे काम आहे. पायाला आराम आणि डोक्यालाही. माझ्या मते ते तर बरेच आहे. उभ्याने भांडी घासणे आणि गाडीत लोंबकळणे, ते पायाला मारते.’

त्यानंतर मी या विषयावर जमेल तेवढे वाचून काढले. तेव्हा कळले की खेळ आणि कला यांचे भांडण आपण लावले आहे, मुळात ते नाही.

आपल्या अमरावतीचेच घ्या. १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे तरुण १९३६ साली बर्लिनला ऑलिम्पिकच्या वेळी गेले आणि त्यांनी तेथे कबड्डीसारखे आपले देशी खेळ करून दाखवले. हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असते. पण त्याच बर्लिनच्या ऑलिम्पिकमध्ये चित्रकला, शिल्पकला, वास्तुकला, साहित्य आणि संगीत यांनाही पदके दिली गेली, हे ठाऊक नसते. १९१२ च्या स्टॉकहोमपासून १९४८ च्या लंडनपर्यंत ऑलिम्पिकमध्ये कलेच्या स्पर्धा होत होत्या. अट एकच, कलाकृतीचा विषय खेळाशी निगडित असावा. हे कलावंत पैसे घेऊन काम करणारे व्यावसायिक आहेत आणि ऑलिम्पिक तर हौशी लोकांसाठी, असा वाद निघून पुढे त्या स्पर्धा बंद पडल्या.

हंगेरीचा आल्फ्रेड हायोश हा १८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये पोहण्याच्या दोन शर्यती जिंकला. तो तेव्हा वास्तुकलेचा विद्यार्थी होता, वय अवघे अठरा. परत आल्यावर महाविद्यालयाचे प्रमुख त्याला म्हणाले की तुझ्या पदकांशी मला काही कर्तव्य नाही, पुढच्या परीक्षेत काय उत्तरे देतोस ते पाहू, असे सांगतात. जगात सगळीकडे मास्तर सारखेच! पण हायोशने दोन्ही धरून ठेवले. २८ वर्षांनी, १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, क्रीडागाराच्या आराखड्यासाठी त्याला वास्तुकलेचे रौप्यपदक मिळाले.

दुसरे उदाहरण आपल्या काळजाच्या जवळचे आहे. अमेरिकेतल्या दक्षिणेकडे, काळ्यांना गोऱ्यांपासून वेगळे ठेवण्याच्या कायद्यांच्या काळात, १९३८ साली डरहॅम गावी अर्नी बार्न्स जन्मला. वडील तंबाखूच्या कंपनीत कारकून, आई एका वकिलाच्या घरी कामाला. त्या वकिलाच्या घरातली चित्रे आणि पुस्तके पाहून पोराला चित्रांचा नाद लागला. लहानपणी तो जाडा आणि बुजरा होता. पोरे छळत म्हणून वही घेऊन लपून बसायचा. शाळेतल्या एका शिक्षकाने त्याला व्यायामाला लावले. पुढे अमेरिकन फुटबॉलच्या बळावर त्याला महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली, आणि त्याने विषय घेतला चित्रकला. तेथील शिल्पकार शिक्षक एड विल्सन यांनी त्याला सांगितले की मैदानावर असताना तुझ्या शरीराला काय जाणवते तिकडे लक्ष दे. बार्न्सच्या चित्रांतली ती लांबलेली, ताणलेली, पळणारी माणसे तेथून आली.

१९५६ साली तो एका मोठ्या कलासंग्रहालयात गेला. काळ्या चित्रकारांची चित्रे कुठे आहेत, असे त्याने विचारले. तुमचे लोक अशा रीतीने व्यक्त होत नाहीत, असे त्याला उत्तर मिळाले. १९७९ साली त्याच संग्रहालयात त्याच्या एकट्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचा तो अधिकृत क्रीडा-चित्रकार झाला. २००९ मध्ये तो वारला. २०२२ साली त्याच्या ‘शुगर शॅक’ या चित्राला लिलावात दीड कोटी डॉलरहून अधिक किंमत आली.

‘तुमचे लोक असे काही करत नाहीत’ हे वाक्य आपल्याला नवीन नाही. पण ते बाहेरच्याने म्हटले तर आपल्याला राग येतो, आणि आपल्याच घरात ‘आपल्यासारख्यांना ही थेरं परवडत नाहीत’ असे आपण म्हणतो तेव्हा मात्र त्यात काही गैर वाटत नाही. बाबासाहेबांएवढे काम अंगावर असलेला माणूस आपण पाहिला नाही. त्यांनी उतारवयात, प्रकृती साथ देत नसताना, व्हायोलिन शिकायला घेतले आणि चित्रेही काढली. त्यांना वेळ उरला होता म्हणून नव्हे.

आता आमच्या पोरीशी अगदी जुळणारे उदाहरण सांगतो. अॅलेक्सी पाप्पास ही मुलगी १९९० साली अमेरिकेत जन्मली. ती पाच वर्षांची होण्याआधी आईने आत्महत्या केली आणि वडिलांनी तिला वाढवले. डार्टमथ महाविद्यालयात ती लांब पल्ल्याचे धावणेही करायची आणि कविता, नाटक, लेखनही. २०१२ साली पदवी झाल्यावर एक वर्ष ती ऑरेगॉन विद्यापीठाकडून धावली, आणि त्याच वर्षी त्या विद्यापीठाच्या मुलींच्या संघाने क्रॉसकंट्रीचे राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद मिळवले. पुढे तिने एका तरुण धावपटू मुलीवर ‘ट्रॅकटाउन’ नावाचा चित्रपट लिहिला, सहदिग्दर्शित केला आणि त्यात कामही केले. तो २०१६ साली आला. त्याच वर्षी रिओ ऑलिम्पिकमध्ये ती ग्रीसकडून दहा हजार मीटर धावली. ३१ मिनिटे ३६.१६ सेकंद ही ग्रीसची राष्ट्रीय विक्रमी वेळ होती. क्रमांक सतरावा.

येथे गोष्ट संपली असती तर ती पाठ्यपुस्तकातली झाली असती. पण ऑलिम्पिकनंतर ती कोसळली. स्वप्न पुरे झाले, आता पुढे काय, म्हणून थांबायचे सोडून तिने आणखी जोर लावला. झोप उडाली. झोपेविना धावत राहिली, पायाला दुखापत झाली. मन इतके खचले की जगणे नको वाटू लागले. वडिलांनी ओळखले आणि उपचारासाठी आग्रह धरला. डॉक्टरांनी तिला समजावले की मेंदू हाही शरीराचाच एक अवयव आहे. गुडघा दुखावतो तसा तोही दुखावतो, आणि उपचाराने, वेळ दिल्याने बराही होतो. ती बरी झाली आणि हे सगळे तिने २०२१ साली पुस्तकात उघडपणे लिहिले. तिच्या प्रशिक्षकाची एक शिकवण तिने सांगितली आहे. मोठ्या ध्येयामागे लागलात की एक-तृतीयांश दिवस चांगले जाणार, एक-तृतीयांश बरे आणि एक-तृतीयांश वाईट. रोजच वाईट जात असेल तर काहीतरी जास्त होते आहे असे समजावे.

यातून मला जे समजले ते असे. तिला चित्रपटाने पाडले नाही, कवितेने पाडले नाही. तिला पाडले ते विश्रांती न घेता जोर लावत राहण्याने. आमच्या पोरीचा जमाखर्च हेच सांगत होता.

हे सगळे डोक्यात घेऊन एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. जमाखर्चाचा कागद सोबत होताच. वडिलांनी तो वाचला, पुन्हा वाचला. मग आईकडे दिला. वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, मी मिलातून सातले येतो, पाय उभं रायाले नाही म्हनत. पोट्टी नाही करन तं कोन करन?’

त्यांचे म्हणणे खरे होते. त्या माउलीच्या चोवीस तासांचा कागद कोणी मांडला तर त्यात झोपेचे खाते याहून लहान निघाले असते. मी तिच्या धाकट्या भावाकडे पाहिले. तो अकरावीला. भिंतीला टेकून मोबाईल पाहत होता. बापाच्याही लक्षात आले. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग बाप म्हणाला, ‘आता पोऱ्यानं भांडे घासाचे काय?’ मी म्हणालो, ‘दादा, ती त्याचे डबे करते तेव्हा आपण असे विचारले नाही.’ हे बोलताना मलाच ओशाळल्यासारखे झाले, कारण माझ्या घरीही माझ्या मुलाने कधी ताट उचलले नव्हते. समाजाच्या सभेत समतेवर बोलायला आम्ही पुढे, आणि घरातल्या मोरीपुढे समता थांबलेली.

बापाने शेवटी खरी भीती सांगितली. ‘भाऊ, पयनं म्हना का चित्रं म्हना, पोटाले काय लावन? नोकरी लागन काय?’

या प्रश्नाला गोड उत्तर देणे म्हणजे फसवणूक. मी जे खरे तेच सांगितले. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. आई-बाप वीटभट्टीवर राबणारे, लहानपणी शाळेला सहा किलोमीटर पायी. बारावीनंतर तो फौजेत, आपल्या महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये भरती झाला. धावणे त्याने तेथे मनावर घेतले. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याचे सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले, रौप्य मिळाले. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मात्र सुवर्ण. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये त्याच शर्यतीच्या अंतिम फेरीत दहावी आली. पुढे राज्य शासनाने तिला महसूल खात्यात थेट अधिकारी म्हणून नेमले. शासकीय नोकरभरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. हे सगळे खरे. पण साबळे आणि बाबर किती होतात? हजारांत एक. चित्रकलेचेही तसेच. शाळेत असताना दिलेल्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांचा दहावीच्या वाढीव गुणांना उपयोग होतो, पुढे चित्रकला शिक्षकाची पदविका करता येते, छपाई आणि जाहिरातीत काम मिळू शकते. पण खात्री कशाचीच नाही. म्हणून पदवी सोडायची नाही, हे पहिले. आणि दोन दारे उघडी असताना त्यातले एक आपल्याच हाताने बंद करायचे नाही, हे दुसरे.

त्या दिवशी घरात ठरले ते असे. पहाटेचे पाणी आणि संध्याकाळची भांडी भावाकडे. रविवारचा स्वयंपाक बापाकडे. ‘मले फक्त वरन-भात येते,’ असे तो म्हणाला, तर वरण-भातच. अमरावतीला पोरीची आत्या राहते. आठवड्यातले चार दिवस पोरीने तेथे मुक्काम करायचा, म्हणजे प्रवासाचे खाते निम्म्याहून खाली. आणि चित्राची वही तिची तिला परत. नवा जमाखर्च मांडला तेव्हा झोप साडेसात तासांवर गेली. चित्रकलेचा पाऊण तास होता तसाच राहिला. त्याला हात लावावाच लागला नाही.

एक अडचण उरली. विद्यापीठाचा युवा महोत्सव आणि संघाचे सराव शिबिर एकाच आठवड्यात आले. महोत्सवात जागेवर चित्र काढण्याची अडीच तासांची स्पर्धा असते आणि महाविद्यालयाने तिचे नाव दिले होते. आम्ही कोणी काही बोललो नाही. निर्णय तिचा तिने घेतला. शिबिराला गेली. गाडीत मला म्हणाली, ‘काकाजी, यंदाची स्पर्धा गेली. चित्र काई गेलं नाही.’ दोन गोष्टी सांभाळायच्या म्हणजे कधी कधी एकीला त्या आठवड्यापुरते मागे ठेवावे लागते, हे तिला माझ्यापेक्षा चांगले कळले होते. मी बंद करायला लावलेली वही आणि तिने आपण होऊन बाजूला ठेवलेली वही, यात फरक आहे.

ती संघात निवडली गेली. स्पर्धेत पदक आले नाही. परंतु शेवटच्या दोन फेऱ्यांत ती ढेपाळली नाही. उलट पुढच्या दोघींना तिने मागे टाकले. बाप मैदानावर होता. परत आल्यावर मला म्हणाला, ‘भाऊ, आखरीले पयली पोट्टी!’ एवढेच.

माता-भगिनींनो, ज्यांच्या घरात धावणारी मुलगी आहे त्यांच्यासाठी आणखी चार गोष्टी. पहिली, तिचे रक्त तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या महिलांपैकी ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन बाराच्या खाली असेल तर पोरगी कितीही सराव करो, दम पुरणार नाही, कारण अंगात प्राणवायू वाहून नेणारे तेच आहे. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. दुसरी, तिला पोटभर खाऊ द्या. भाकरी, डाळ, फुटाणे, शेंगदाणे-गूळ, पालेभाजी, त्यावर लिंबू, आणि जमेल तेव्हा अंडी, मासळी, मटण. जेवणासोबत चहा देऊ नका, त्याने लोह अंगी लागत नाही. तिसरी, धावणाऱ्या मुलीची मासिक पाळी महिनोन्महिने बंद राहिली तर ‘बरंच झालं, कटकट गेली’ असे म्हणू नका. ती पुरेसे खात नसल्याची खूण असू शकते. त्यात हाडे कमजोर होतात. डॉक्टरांना दाखवा. चौथी, आपल्या वऱ्हाडचा उन्हाळा. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. त्या दिवसांत धावणे सूर्य उगवायच्या आत, आणि दुपार सावलीत. सावलीत बसून काय करावे असा प्रश्न पडला तर वही-पेन्सिल आहेच.

आणि ज्यांच्या घरात धावणारी मुलगी नाही, पण गाणारी, शिवणारी, बुद्धिबळ खेळणारी, गोष्टी लिहिणारी आहे, त्यांनाही माझी एकच विनंती. पोर थकलेले दिसले, अभ्यासात मागे पडले, की त्याच्या आवडीच्या वस्तूवर पहिला हात टाकू नका. आधी एक कोरा कागद घ्या. त्यावर तिचे चोवीस तास लिहा. झोप किती, काम किती, प्रवास किती, आणि जिच्यावर आळ आहे ती आवड किती. बेरीज चोवीस येईपर्यंत उठू नका. मग त्याच कागदावर घरातल्या मुलाचेही चोवीस तास लिहा आणि दोन्ही रकाने शेजारी ठेवून पाहा.

आमच्या घरी हा कागद मांडून झाला आहे. माझा मुलगा सध्या भांडी घासतो. बरी घासत नाही, पण घासतो.

पोरगी आता आठवड्यातून दोनच दिवस आमच्या गाडीला असते. परवा भेटली तेव्हा वही दाखवली. वहीत तिचा बाप होता, उकिडवा बसलेला, हातात थापी, फरशीची पातळी डोळा बारीक करून पाहणारा. मी म्हणालो, ‘दादांना दाखवलं?’ ती म्हणाली, ‘दाखवलं. म्हने, फरशी वाकडी काढली तू.’

जयभीम.